डुलकी आणि नीज

लॅपटॉप झोपी जाण्याआधी मेमरीत तुंबलेला मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमने डिस्कवर उतरवावा का, हा वाद सध्या सेकंदांवर येऊन थांबला आहे. झाकण मिटल्यावर कोणतं यंत्र लवकर झोपतं, एवढंच मोजलं जातं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या बाजारपेठेत हा हिशेब टिकत नाही.

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं तिथलं कुठलंही दुकान डोळ्यांपुढे आणावं. लॅपटॉप जुना, बॅटरी केव्हाच बसलेली, सगळी भिस्त भिंतीतल्या प्लगवर. दुपारी झाकण मिटून दुकानदार जेवायला जातो. भारनियमनाची ती वर्षं सरली. वळवाच्या वाऱ्यात वीज जाणं सरलेलं नाही. आणि झोपलेल्या यंत्राची मेमरी जगते ती केवळ विजेवर.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये झोपेआधी डिस्कवर लिहिण्याची रीत जुनीच. २०१५ मध्ये इंटेलच्या लेन ब्राउन यांनी ती ऐच्छिक करवून घेतली. २०२० मध्ये चालू यंत्रावरच ती बंद करण्याची सोय आली. मूळ वागणूक मात्र ‘आधी लिहा, मग निजा’ हीच राहिली. डिस्क आता वेगवान झाल्या, हा मुद्दा इथे गैरलागू आहे; प्रश्न वेगाचा नाही, वीज गेल्यावर काय उरतं याचा आहे.

खरा प्रतिपक्ष वेगळा आहे. त्याचं म्हणणं असं, की ज्या प्रोग्रामला आपला मजकूर मोलाचा वाटतो त्याने तो स्वतः डिस्कवर पोचवावा. झोप म्हणजे काही अपघात नव्हे. ऐकायला हे नेटकं वाटतं. पण २००९ मध्ये लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवर यंत्र कोसळल्यावर लोकांच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसल्या, तेव्हा तिचे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांनीही आधी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाच जबाबदार धरलं होतं. तरी शेवटी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दुरुस्ती त्यांनीच केली, कारण जगभरचे प्रोग्राम एका रात्रीत सुधारत नाहीत.

‘जागं यंत्रही कोसळतंच की’, हे उत्तर त्याहून कच्चं. जागेपणी लिनक्स दर ५ सेकंदांनी पाहणी करतं आणि साधारण ३० सेकंदांहून जुना मजकूर डिस्कवर धाडतं. म्हणजे धोक्याला मुदत असते. झोपेत ते घड्याळच थांबतं. झोपेआधी लिहिलं नाही तर अर्ध्या मिनिटाची जोखीम रात्रभराची होते, आणि दुकानदाराला त्याची गंधवार्ताही नसते.

मंद पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर लिहिण्यात वेळ जातो, हे मान्य. फोन दिवसातून शेकडो वेळा झोपतो, त्याला दर वेळी हा खर्च नको, हेही मान्य. म्हणूनच डुलकी आणि नीज यांत फरक करायला हवा. यंत्र रिकामं बसलं म्हणून आपणहून झोपतं, ती डुलकी. माणूस झाकण मिटून उठून जातो, ती नीज. डुलकीला सूट द्यावी. निजेआधी मात्र लिहिणं सक्तीचं हवं, कारण झाकण मिटणारा माणूस त्या क्षणी सगळं यंत्रावर सोपवून जात असतो. कीर्द पुरी केल्याशिवाय पेढीवर कुणी दुकान वाढवत नसे.

हा फरक कर्नलला आपणहून कळत नाही. झाकण मिटलं आहे की नुसतीच रिकामी वेळ सरली आहे, हे वरच्या थरातून त्याला सांगावं लागतं. सांगणं अवघड नाही, आणि ते गरजेचं आहे. त्याच दुकानात शिष्यवृत्तीचा अर्ज पेन ड्राइव्हवर घेणारी मुलगी झाकण मिटल्यावरच तो ड्राइव्ह काढून घेते, आणि साताऱ्याच्या गाडीत बसते.