साखर सोडली, गोडी ठेवली

संकष्टीला डोंबिवलीत फडके रोडवरच्या गणेश मंदिरात दर्शनाची रांग लागते आणि आसपासच्या इमारतींत साबुदाणा आदल्या रात्रीच भिजत पडलेला असतो. त्याच स्वयंपाकघरांत अलीकडे दुसराही एक नेम शिरला आहे. रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी बजावलं, म्हणून भात, पोळी, बटाटा, साखर बंद. अंडी, पनीर, लोणी चालेल. याला सगळे ‘लो-कार्ब’ म्हणतात. हे दोन नेम एकमेकांच्या नेमके उलट आहेत. उपवासाला चालणारा साबुदाणा, रताळं आणि केळं या आहारात वर्ज्य, तर या आहाराचा आधार असलेलं अंडं उपवासाच्या दिवशी घरात फुटत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कित्येक घरांत त्याचा तवाही वेगळा असतो. या नव्या नेमाने आपले गोड पदार्थही आणले, आणि बिनसाखरेचं लेमन कर्ड हा त्यांतला एक. मूळचा हा विलायती पदार्थ. लिंबाचा रस, अंडी, लोणी आणि साखर मंद आचेवर आटवून केलेलं आंबटगोड, दाट, पिवळंधमक मिश्रण पावाला लावून खातात. घरी ते साखरेऐवजी एरिथ्रिटॉल किंवा स्टीव्हिया घालून केलं जातं. त्यातून एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. ज्याने साखर सोडली पण गोडी ठेवली, त्याने नेमकं काय सोडलं? हा संयम म्हणायचा, की वासनेने वेष पालटून मागच्या दाराने केलेला प्रवेश?

उत्तर देण्याआधी नेमांचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत, कारण गोंधळ तिथेच होतो. एक व्रत, दुसरं पथ्य. व्रताचा रोख मनावर असतो. एखादी गोष्ट आपल्यावाचून राहू शकत नाही असं नसून आपणच तिच्यावाचून राहू शकत नाही, हे ओळखण्यासाठी ती काही काळ दूर ठेवायची. पथ्याचा रोख शरीरावर असतो. जे पचत नाही, जे रोग वाढवतं, ते टाळायचं. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांची, कारणं सांगताना बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावं येतात. त्यात पापाचा उच्चार नाही. तो शरीराचा हिशेब आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मात्र इंद्रियं आवरून मनाने विषयांचंच चिंतन करणाऱ्याला मिथ्याचारी ठरवलं आहे. तो निकष व्रताचा. चरकाच्या मोजपट्टीने लेमन कर्ड तपासलं तर ते बहुधा उत्तीर्ण होईल, गीतेच्या या मोजपट्टीने तपासलं तर अडचणीत येईल. म्हणून कोणत्या पट्टीने मोजायचं, हे खाणाऱ्यानेच आधी ठरवायला हवं.

पर्यायी पदार्थाची आपल्याला सवय नाही असं मुळीच नाही. महाराष्ट्राचा उपवास तर पर्यायांवरच उभा आहे. धान्य वर्ज्य म्हणून साबुदाणा आला. तो ज्या कंदापासून करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतले शेंगदाणे, मिरची आणि बटाटाही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे इकडे आले. म्हणजे संकष्टीच्या खिचडीतलं जिरं आणि तूप सोडलं तर बाकी बहुतेक सगळं पुराणकारांच्या स्वप्नातही नसलेलं. वरी हे उघडउघड तृणधान्य असून तिला आपण उपवासाचे तांदूळ म्हणून सामावून घेतलं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा टीकाकाराने बाहेरून लादलेली नाही, उपवास करणाऱ्या समाजानेच स्वतःला मारलेला तो टोमणा आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्याच जैन घरांत चैत्र आणि आश्विनात आयंबिलाची ओळी होते. नऊ दिवस, दिवसातून एकदा, दूध-दही-तूप-तेल-गूळसाखर आणि मसाल्यांवाचूनचं अन्न. तिथे पोट भरायला धान्य चालतं, पण जिभेचं मन राखणारा पर्याय शोधायचा नाही. उपवासाने धान्य काढलं आणि चव ठेवली, आयंबिलाने धान्य ठेवलं आणि चव काढली. व्रताचा गाभा कुठे आहे, ते आयंबिल अधिक स्पष्ट दाखवतं.

पर्यायाने व्रताचं काय होतं, याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा गांधीजींच्या आत्मकथेत सापडतो. गाई-म्हशींवर दुधासाठी होणारे अत्याचार कळल्यावर त्यांनी दूध सोडण्याचं व्रत घेतलं होतं. १९१८ च्या जीवघेण्या आजारानंतर शरीर भरून येईना; माथेरानची हवाही मानवली नाही. दुधावाचून प्रकृती सुधारणार नाही, असं त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. दलालांनी सांगितलं. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैसच होती, मग शेळीचं दूध का चालू नये, ही वाट कस्तुरबांनी सुचवली. गांधीजींनी ते दूध घेतलं, ते जगले, आणि पुढे लिहिताना व्रताचं अक्षर पाळलं पण आत्मा मारला, ही बोच त्यांनी लपवली नाही. ज्यांनी आश्रमाच्या व्रतांत अस्वादाला, म्हणजे चवीसाठी न खाण्याला, स्थान दिलं, त्यांची ही कबुली आहे. तिच्यातून दोन गोष्टी निघतात. व्रतात पर्याय आला की व्रत भंगतं, मग शब्दांचा अर्थ कितीही ताणा. आणि शरीर वाचवण्यासाठी घेतलेला पर्याय चुकीचा असतोच असं नाही. त्याला व्रत म्हणत राहणं चुकीचं असतं. शेळीचं दूध पथ्य म्हणून योग्यच होतं, व्रत म्हणून खोटं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बिनसाखरेच्या लेमन कर्डालाही हाच न्याय लावावा.

आता तो पदार्थ जरा जवळून पाहू, कारण तो करतानाच काही गोष्टी उलगडतात. चार अंड्यांचे बलक, अर्धी वाटी लिंबाचा गाळलेला रस, ऐंशी ग्रॅम लोणी आणि सालीचा वरवरचा किस. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं, म्हणून किसताना हात हलका हवा. आतला पांढरा भाग आला की कडवटपणा येतो. भांडं स्टीलचं घ्यायचं, ॲल्युमिनियमला आंबट लागलं तर धातूची चव उतरते. उकळत्या पाण्याच्या वाफेवर ते ठेवून मिश्रण सतत ढवळायचं. पंच्याहत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास ते चमच्याच्या पाठीला धरू लागतं. त्यावरून बोट फिरवलं आणि रेघ तशीच राहिली की उतरवायचं. नेहमीच्या कृतीत साखर इथे एकटी चार कामं करत असते. ती गोडी देते, अंड्यातली प्रथिनं एकदम आवळू न देता फाटण्यापासून वाचवते, अंगाला दाटपणा आणते आणि टिकवते. गोडी आणणारा पर्याय यांतलं पहिलंच काम नीट करतो. स्टीव्हिया साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड, त्यामुळे चिमूटभरच लागतो आणि दाटपणा देत नाही. जास्त झाला तर कडवट चव मागे ठेवतो. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के. ते जिभेला गार लागतं आणि फ्रीजमध्ये गेल्यावर त्याचे खडे पुन्हा धरतात. म्हणून ते दळून, बेताने घालायचं, आच आणखी मंद ठेवायची, आणि केलेलं आठवडाभरात संपवायचं.

या बारकाव्यांचा धर्मविचाराशी संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध असा की पर्याय म्हणजे मूळ वस्तूची बिनखर्चाची प्रत, हा समजच चूल खोटा पाडते. साखर काढली की तिच्या जागी करणाऱ्याचं लक्ष, वेळ आणि बेत घालावा लागतो. डोळ्यांदेखत ढवळल्याशिवाय ते जमत नाही, साठवून ठेवता येत नाही, भरमसाट करता येत नाही. साखर जे मर्यादा ओलांडण्याचं स्वातंत्र्य देत होती, ते पदार्थाच्या स्वभावानेच काढून घेतलं. तयार पुडी फोडून खाल्लेल्या ‘शुगर-फ्री’ मिठाईत यातलं काहीच घडत नाही. तिथे फक्त हिशेबाची वही बदलते. पथ्याचं नैतिक बळ गोडी असण्या-नसण्यात नसून मापात असतं. गीतेच्या सहाव्या अध्यायातला युक्ताहाराचा विचारही याच बाजूचा आहे. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. गोडाचा एक चमचा मापून खाणारा मधुमेही या मधल्या वाटेवर चालतो.

या मतावरचा पहिला आक्षेप सर्वांत जड आहे. गोडीची चटक तशीच राहिली तर पथ्य टिकणार किती दिवस? गीतेच्या दुसऱ्या अध्यायानेच सांगून ठेवलं आहे की निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. आधुनिक पुरावाही इशारा देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी स्टीव्हियासारख्या गोडव्यांचा आधार घेऊ नये अशी शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, आणि एरिथ्रिटॉलसारखे पदार्थ तिच्या कक्षेत नव्हते. एरिथ्रिटॉलबद्दल त्याच वर्षी हृदयविकाराशी संबंध सुचवणारा अभ्यास आला, कारण सिद्ध करणारा नव्हे, पण बेफिकीर राहू न देणारा. हे सगळं मान्य. तरी या आक्षेपातली एक गोष्ट आक्षेप घेणाऱ्यावरही उलटते. गोडी मागे उरणं हे गीतेने निराहारी माणसाबद्दल म्हटलं आहे, पर्याय शोधणाऱ्याबद्दल नव्हे. म्हणजे कडकडीत त्याग करणाराही त्याच अडचणीत आहे. निव्वळ वर्ज्य केल्याने चटक जात नसेल, तर ती हळूहळू उतरवण्याची वाट तुच्छ कशी? दर खेपेला गोडवा थोडा कमी घालून लिंबाची आंबट धार पुढे आणता येते. जीभ बदलते, तिला वेळ द्यावा लागतो. पर्यायाचा उपयोग या उताराच्या पायरीसारखा करायचा, मुक्कामासारखा नाही. जिथे महिनोन्महिने मात्रा तेवढीच राहते किंवा वाढत जाते, तिथे आक्षेप बरोबर ठरतो आणि मी तो मान्य करतो.

दुसरा आक्षेप देवघरातून येतो. आपल्या धर्मात गोड हे नुसतं खाणं नाही. सत्यनारायणाच्या कथेत नवरा-वडील आल्याचं ऐकून कलावती प्रसाद न घेताच धावली आणि नाव पाण्यात दिसेनाशी झाली. प्रसाद घेतल्यावरच नवरा परत मिळाला. मग सव्वाच्या मापाचा, साखरेचा शिरा मधुमेह्याने नाकारायचा का? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता प्रत्येक पूजेत बसलेल्या कोणाचा तरी आहे. कथेचा दोष नीट वाचला तर तो कमी खाण्याचा नाही, उपेक्षेचा आहे. प्रसाद म्हणजे वाटून घेणं. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्याने ते पुरं होतं. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या नैवेद्याच्या यादीत पान, फूल, फळ आणि पाणी आहे, साखरेचं नावही नाही. म्हणून पूजेचा शिरा बिनसाखरेचा करण्याचा आग्रह मला अनावश्यक वाटतो. शिरा साखरेचाच राहू द्या, मधुमेह्याने कणभर घ्यावा. कर्ड अंड्याचं असल्याने नैवेद्याच्या ताटात येण्याचा प्रश्नच नाही. ते घरच्या न्याहारीचं आहे, तिथेच शोभतं.

तिसरा धोका उलट दिशेचा, आणि तो आज जास्त दिसतो. पथ्याला व्रताचा अहंकार चढतो. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेला दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवायचा नेम ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात घरोघर माहीत आहे. कोणी तो पाळतं, कोणी कीटो, कोणी आणखी काही. हरकत काहीच नाही. पण ‘मी साखर सोडली’ हे वाक्य जेव्हा शेजारच्या बशीतल्या जिलबीकडे पाहत, पुण्य सांगावं तसं उच्चारलं जातं, तेव्हा रोगाचा इलाज आणि आत्म्याची साधना यांची गल्लत झालेली असते. याच ठाणे जिल्ह्यात, याच रेल्वेमार्गावर आसनगावला उतरून जाता येणाऱ्या शहापूरच्या पाड्यांवर अंडं आणि लोणी हा त्याग करण्याचा विषय नाही, मिळवण्याचा आहे. ज्याच्यापुढे निवड आहे त्याचंच सोडणं त्याग ठरतं. त्यामुळे विपुलतेतल्या सोडण्याचा डंका वाजवू नये, एवढं भान तरी असावं.

तेव्हा बिनसाखरेचं लेमन कर्ड घरी करणाऱ्याला धर्माच्या नावाने अडवण्याचं कारण नाही, आणि त्याच्यावर धर्माची मोहोर उठवण्याचंही नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं, पुढे मापाने करावं, मापाने खावं, गोडवा उतरवत न्यावा. हे पथ्य झालं, आणि पथ्य म्हणून ते पुरेसं आहे. व्रत करायचं असेल तर वेगळा दिवस निवडावा, आणि त्या दिवशी साखरही नको, साखरेचा पर्यायही नको, साबुदाण्याची वाटीही नको. त्या दिवशी जिभेची जागा खरोखर रिकामी राहिली पाहिजे. दोन्हींची गरज माणसाला असते, पण एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही.