नवशिका आणि वारसदार

जव्हार-मोखाड्याकडच्या पोराच्या खांद्याला गिटार दिसली की एक प्रश्न ठरलेला असतो : ‘गिटार कशाला? तारपा का नाही शिकत?’ विचारणारा बहुतेक वेळा बाहेरचा असतो. दाभोशाचा धबधबा बघायला आलेला, आदिवासींवर अभ्यास करायला आलेला, नाहीतर कुठल्यातरी महोत्सवासाठी कलाकार शोधायला आलेला. त्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट आपुलकी असते म्हणूनच तो विचारतो.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर, वारली घरात वाढलो. नोकरीसाठी जव्हारला भाड्याच्या खोलीत राहतो आणि गेले सात महिने गिटार शिकतोय. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता उत्तर देण्याआधी प्रश्नच जरा उलटसुलट करून बघावासा वाटतो. जन्माला येतानाच माणसाच्या नावावर एखादं वाद्य लिहिलेलं असतं का? आपल्या माणसांची कला संपत चालली असेल, तर ती शिकणं आपल्यावर बंधनकारक होतं का? दिवसभराच्या कामानंतर उरलेला तास माझा की माझ्या समाजाचा?

एक गोष्ट लगेच लक्षात येते. हा प्रश्न सगळ्यांना विचारला जात नाही. पुण्याच्या रस्त्यावर गिटार घेऊन चाललेल्या मुलाला थांबवून ‘संबळ का नाही?’ असं कोणी म्हणत नाही. त्याने गिटार घेतली तर तो त्याचा छंद. मी घेतली तर संस्कृतीचा ऱ्हास. त्याला आवड असू शकते, मला मात्र फक्त वारसा असू शकतो. कोणी तोंडावर असं म्हणत नाही, पण प्रश्नाच्या पोटात ते असतंच.

‘गिटार परकी आहे’ हा मुद्दा तर फार टिकत नाही. आपल्याकडच्या भजनात जी पेटी वाजते ती कुठली? हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबेन नावाच्या कारागिराने घेतलं. ती इथे आली, पायाने हवा भरायची ती हाताने भरायची झाली, जमिनीवर बसून वाजवता येऊ लागली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिच्यातून असं काही काढलं की संगीत नाटक पेटीशिवाय उभंच राहीना. तरी १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ साली सैल होईपर्यंत तीस वर्षं गेली. आक्षेप दोन होते : तिच्यावर मींड निघत नाही आणि ती परदेशी आहे. आज मोखाड्यातल्या भजनी मंडळाच्या बुवांना कोणी विचारतं का, की पेटी कशाला? वाद्य परकं असतं ते आपल्या हातांना त्याची सवय होईपर्यंत.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. ‘माझी मर्जी’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण त्या प्रश्नात काहीतरी खरं आहे आणि ते मला सोडत नाही.

तारपा म्हणजे काय, ते आधी सांगतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत बांबूच्याच जिभल्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. तो दुकानात मिळत नाही. माहीतगार माणूस स्वतः बनवतो किंवा बनवून घेतो. वाजवताना सूर तुटू द्यायचा नसतो. गालात हवा साठवायची आणि ती भोपळ्यात सोडत असतानाच नाकाने नवा श्वास ओढायचा. माणसं त्याच्याभोवती गोल धरून नाचतात आणि नाचताना तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वाजवणाऱ्याने चाल बदलली की सगळ्यांचे पाय बदलतात.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदीच्या घरात पोहोचले तरी वाजवतात. २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा इकडच्या प्रत्येकाच्या मोबाइलवर त्यांचाच फोटो फिरत होता. माझ्याही. अभिमान वाटला आणि पाठोपाठ धास्तीही. कारण हे सगळं माणसांच्या छातीत आणि बोटांत साठवलेलं आहे, कुठल्या वहीत नाही. गिटार मी शिकलो नाही तर गिटारचं काही बिघडत नाही. जगभर लाखो लोक ती वाजवतायत. तारपा मात्र दर पिढीत मोजक्याच माणसांच्या श्वासावर तगतो.

म्हणजे प्रश्नाची भक्कम बाजू अशी : जे काम कोणीही करू शकतं ते कोणीही करावं, पण जे तुम्हीच करू शकता ते टाळायचा तुम्हाला हक्क आहे का? बुडणाऱ्याजवळ पोहता येणारा एकटाच माणूस उभा असेल, तर ‘मला आज पोहायचा मूड नाही’ हे उत्तर चालत नाही. मी वारली घरातला, भाषा माझी, चाली कानावरून गेलेल्या, मोसम माहीत. पुण्याच्या पोरापेक्षा मला तारपा जवळचा आहे, हे खरंच आहे.

हा युक्तिवाद मी बरेच दिवस खोडू शकलो नाही. मग एकदा उलटा विचार केला. तारपा बुडतोय तो कशामुळे?

गिटारमुळे तर नक्कीच नाही. तारप्याचे मुख्य दिवस म्हणजे भात पिकायला लागल्यापासून दिवाळी, वाघबारशीपर्यंतचे. आणि दिवाळी सरली की आमच्याकडची कितीतरी घरं कुलूप लावून निघतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. कधीकधी त्याच्याही आधी, कारण मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पोरं सोबत जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. म्हणजे ज्या वयात पोराने म्हाताऱ्याच्या शेजारी बसून चाली उचलायच्या, त्या वयातला अर्धा काळ तो कच्च्या विटा उलटत असतो. तारप्याला नुसता वाजवणारा पुरत नाही. त्याला गोल लागतो, गोलाला पाय लागतात, आणि पाय भट्टीवर गेलेत.

मग ‘तू एकटाच वाचवू शकतोस’ हे वाक्य वेगळं दिसायला लागतं. किनाऱ्यावर मी एकटा उभा नसतो. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आता वारली चित्रातला तो तारप्याचा गोल शहरातल्या घरांच्या भिंतींवर, कपांवर, साड्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर आहे. त्या चित्रावर प्रेम करणारे सगळेच किनाऱ्यावर उभे आहेत. पण वाचवायचं ओझं कोणावर? ज्याच्याकडे सगळ्यात कमी वेळ आणि सगळ्यात कमी पैसा आहे त्याच्यावर. बाकीच्यांनी चित्र टांगायचं, आम्ही श्वास द्यायचा. कर्तव्य असेल तर ते असं एकाच बाजूला कलंडलेलं कसं असेल?

तरीही हे फक्त न्यायाच्या वाटणीचं भांडण नाही. गिटार शिकताना मला आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त महत्त्वाची वाटते.

‘गिटार’ हा शब्द मागे मागे नेला तर ‘किथारा’ या ग्रीक वाद्याच्या नावाशी पोहोचतो. ॲरिस्टॉटलने माणूस चांगला कसा होतो हे सांगताना नेमकं हेच वाद्य उदाहरणाला घेतलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : किथारा वाजवूनच माणूस किथारावादक होतो आणि न्यायाने वागूनच न्यायी होतो. चांगला वादक वाजवूनच घडतो आणि वाईट वादकही वाजवूनच घडतो. ऐकायला सरळ आहे. पण यात एक गाठ आहे. वाजवता येत नसताना वाजवायचं कसं? उत्तर एकच : वाईट वाजवायचं. पुष्कळ दिवस.

ज्यांनी गिटार धरलीय त्यांना ‘एफ’ कॉर्ड माहीत असेल. पहिल्या बोटाने सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या. महिनाभर त्यातून सूर निघत नाही, पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज निघतो. बोटांच्या टोकांना आधी वळ उठतात, मग कातडी घट्ट होते. मी खोलीचं दार लावून वाजवतो. यूट्यूबवरचा मास्तर एकच गोष्ट चाळीस वेळा सांगतो आणि वैतागत नाही. माझ्या वाईट वाजवण्याने कोणाची मान खाली जात नाही. कोणाचा वारसा भ्रष्ट होत नाही. गिटारसमोर मी फक्त नवशिका आहे. ही केवढी मोठी सवलत आहे, हे तारप्याचा विचार करताना कळलं.

समजा उद्या मी तारपा तोंडाला लावला. पहिली फुंकर फुसकी जाणार, दुसरी फाटणार. पण समोर मोबाइल धरलेला कोणीतरी असणार. ‘परंपरा जपणारा तरुण’ असं शीर्षक तयार असणार. अशा माणसाला चुकायची मुभा नसते. तो शिकायला बसलेला नसतो, प्रतिनिधी म्हणून उभा असतो. आपण ज्याला वारसदार म्हणतो त्याला नवशिका होऊ देत नाही. आणि नवशिका झाल्याशिवाय तर कोणीच वादक होत नाही.

पूर्वी असं नव्हतं. आमच्या पाड्यावरची म्हातारी माणसं सांगतात ते ऐकलं तर तेव्हा कोणी काही ‘जपत’ नव्हतं. गुराखी पोरं रानात पपईच्या देठाच्या पिपाण्या फुंकायची. कोणी तुटका तारपा उचलून बेसूर भोंगा काढायचा. गुरं सोडून ऐकायला कोणी नसायचं, आणि मोठ्यांनी ऐकलंच तर हसून सोडून द्यायची. त्यातल्या बहुतेकांना काही आलं नाही. एखाद्याला आलं. तो एखादा आला तो बेसूर वाजवणाऱ्या दहा-वीस पोरांच्या गर्दीतून आला. कला जिवंत असल्याची खूण माझ्या मते हीच. तिच्यात उत्तम वाजवणारे किती आहेत हे नंतर बघू, तिच्यात वाईट वाजवायची सोय आहे का हे आधी बघावं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. तारपा शिकणं हे माझं कर्तव्य नाही. कोणाचंच नाही. कर्तव्य आहे ते अशी परिस्थिती ठेवण्याचं, की एखाद्या पोराला उगाच, मजेखातर, वाईट तारपा वाजवावासा वाटला तर त्याला ते करता यावं. त्यासाठी तो गावात असायला हवा. त्याच्या आईबापाला गावात काम असायला हवं. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला. तेव्हा तारप्याची काळजी असणाऱ्यांनी आमच्या ग्रामपंचायतीत जाऊन यंदा किती कामं निघाली आणि मजुरी वेळेवर मिळाली का, हेही विचारावं. हा प्रश्न संगीताचा वाटत नाही, पण आहे. आणि हे कर्तव्य पुण्यातल्या, मुंबईतल्या माणसालाही तितकंच लागू होतं. त्यासाठी वारली असावं लागत नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी गिटार सोडणार नाही. पण गोलाला पाय लागतात हे मला ठाऊक आहे आणि दोन पाय माझ्याकडे आहेत. वाघबारशीला रजा टाकून गावी जातो. नाचताना माझा ठेका अजून चुकतो, म्हणून मला ओळीच्या शेवटाला घेतात. शेजारचा कंबरेला हात घालतो आणि ओढत नेतो. तारपावाला बघतो, हसतो आणि वाजवत राहतो. तिथे कोणी शूटिंग करत नसलं की मला फार बरं वाटतं.