काळाच्या नावावर

बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला पाहून बाहेर पडणारा मराठी प्रवासी बहुधा एकच वाक्य बोलतो: केवढं वैभव होतं, आणि काय राहिलं! भुसावळहून गाडीने फार तर तासाभराचा रस्ता, दोन दिवसांची सहल, तापीच्या काठावरच्या उंच भिंती, छप्पर नसलेली दालने, हमामखान्याच्या छतावरची विटलेली रंगनक्षी, आणि मग हा उसासा. तो टाकला की सहलीला थोडे अध्यात्म लागल्यासारखे वाटते. नुसती मजा केली नाही, संसाराची क्षणभंगुरताही पाहून आलो, असे घरी सांगता येते. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात रम्य नगरी, तिचा राजा, त्याचा दरबार सगळे नाहीसे झाले म्हणून काळाला हात जोडणारा एक श्लोक आहे. त्याचे शेवटचे शब्द संस्कृताचा गंध नसलेल्यांच्याही तोंडी असतात. म्हणजे या उसाशामागे परंपरेचे पाठबळ आहे असे कुणी म्हणेल. मला मात्र त्यात धर्म कमी आणि आळस जास्त दिसतो. पडक्या राजवाड्यापुढे काळाचे नाव घेतले की पुढचा विचार करावा लागत नाही, आणि बुऱ्हाणपुरात तर त्यामुळे हिशेबच चुकतो. माणसांनी केलेल्या गोष्टी काळाच्या नावावर मांडल्या जातात.

काळ हेच सगळ्याचे कारण असे मानणारे लोक आपल्याकडे फार जुने आहेत, आणि त्यांना दिलेले उत्तरही तितकेच जुने आहे. श्वेताश्वतर उपनिषद सुरूच या प्रश्नाने होते: जगाचे कारण काय? काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा, भूते अशी एकेक उत्तरे तिथे पुढे येतात आणि एकही पुरेसे ठरत नाही. काळासकट ही सगळी कारणे ज्याच्या सत्तेखाली आहेत ते ऋषींना ध्यानात दिसले, असे उपनिषद सांगते. वेदान्ताने साधकाची तयारी सांगताना पहिला मान विवेकाला दिला आणि वैराग्य त्याच्यामागून आणले. हा क्रम उगाच नाही. नित्य काय आणि अनित्य काय हे निवडल्यावाचून आलेला वीट म्हणजे वैराग्य नव्हे. बौद्धांकडे गेलो तरी सुटका नाही. अस्सजीने सारिपुत्ताला बुद्धाची शिकवण थोडक्यात सांगितली ती कारणांविषयीची होती: वस्तू कारणांमुळे उपजतात, आणि कारणे सरली की सरतात. ‘सगळे नाशिवंत आहे’ एवढ्यावर थांबणाऱ्याला कोणत्याही भिक्खूने पुढचा प्रश्न विचारला असता. आपल्या जुन्या लोकांनी तर या थांबण्याला नावेच ठेवली होती. पुराणवैराग्य, प्रसूतिवैराग्य, स्मशानवैराग्य: पुराण ऐकून उठेपर्यंत, बाळंतकळा ओसरेपर्यंत, स्मशानातून घरी येऊन आंघोळ होईपर्यंत टिकणारी. यात एका चौथ्याची, सहलवैराग्याची, भर घालायला हरकत नाही. ते गाडी सुटेपर्यंत टिकते.

बुऱ्हाणपुरातला सगळ्यात मोठा उसासा मुमताजमहलसाठी असतो. 17 जून 1631 रोजी ती इथे वारली, तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत तिला तात्पुरते पुरले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. वाटाडे ताजमहाल इथेच व्हायचा होता हे रंगवून सांगतात, प्रवासी प्रेम अमर असते आणि देह नश्वर असतो असे दोन्ही एका दमात म्हणतो, आणि रिक्षा पुढच्या ठिकाणाकडे वळते. पण ती कशाने वारली? चौदाव्या बाळंतपणात. 1612 साली लग्न झाले, एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे झाली, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नवऱ्याच्या लढाईच्या मुक्कामात, ती गेली. याला काळाचा महिमा म्हणायचे तर आपल्याच पणज्यांपैकी ज्या बाळंतपणात गेल्या त्यांच्याविषयीही तेच म्हणून मोकळे व्हावे लागेल. प्रसूतिवैराग्य हा शब्द ज्यांनी थट्टेने वापरला त्यांना बाळंतिणीच्या मरणाची थट्टा करायची नव्हती हे मी धरून चालतो. तरी तो शब्द या थडग्याच्या जागेशी उच्चारताना जीभ अडखळायला हवी.

आणि एकट्या मुमताजचीही गोष्ट नाही. शाहजहान 1630 साली बंडखोर सरदार खानजहान लोदी आणि निजामशाही यांच्याविरुद्धच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात येऊन राहिला, आणि त्याच सुमारास गुजरात, खानदेश, दख्खन या पट्ट्यात पाऊस गेला. 1630 ते 1632 चा हा दुष्काळ सतराव्या शतकातल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एक. सुरतेहून आग्र्याकडे निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी याच वाटेने बुऱ्हाणपूरला आला, आणि रस्त्यावरच्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. बादशहाने लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम दिला, हे दरबारी बखरकाराने नोंदवले आहे आणि ते खोटे ठरवायचे कारण नाही. पण एवढी मोठी छावणी एका जागी बसली की तिला लागणारे धान्य, चारा, बैल आजूबाजूच्या मुलखातूनच ओढले जातात. पाऊस न पडणे हे एक कारण, मोहीम चालू ठेवणे हे दुसरे. पहिले कुणाच्या हातात नव्हते, दुसरे होते. हमामखान्याच्या छताखाली मान वर करून ‘कुठे गेले ते दिवस’ म्हणणारा प्रवासी ही दोन्ही कारणे एकाच धुक्यात घालवतो. त्या दिवसांत त्या भिंतींपासून थोड्याच अंतरावर लोक अन्नावाचून मरत होते. ते दिवस गेले याचे दुःख नेमके कुणी करायचे?

या प्रकरणातला सर्वांत सुंदर पुरावा मात्र राजवाड्यात नाही, गावातल्या जामा मशिदीत आहे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातल्या आदिलशाहाने, म्हणजे राजा अलीखानाने, ती बांधली, आणि तिच्यावर अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरला. संस्कृत लेखात संवत 1646, शके 1511, पौषातल्या शुद्ध पक्षातली एकादशी, वार, नक्षत्र, योग, करण, इतकेच काय रात्रीची घटका आणि लग्नसुद्धा दिले आहे. लग्नपत्रिकेतला मुहूर्तही इतका काटेकोर नसतो. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्कार करून होते. त्या लेखात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहण्यासारख्या आहेत. एक, ही मशीद स्वधर्मपालनासाठी बांधली. दुसरी, आकाशात चंद्र, सूर्य, तारे असेपर्यंत हा फारुकी वंश भूतलावर नांदो. दुसरी इच्छा अकरा वर्षे टिकली. जानेवारी 1601 मध्ये त्यांचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती पडला, फारुकींचे राज्य संपले, आणि अकबराने आपल्या विजयाचा लेख त्याच मशिदीवर कोरवून घेतला. पहिली गोष्ट अजून चालू आहे. शुक्रवारी तिथे नमाज पढली जाते. एकाच दगडावर, एकाच मुहूर्तावर कोरलेल्या दोन संकल्पांपैकी एक बुडाला आणि एक राहिला. काळ दोघांवरून सारखाच गेला. फरक पडला तो माणसांमुळे: एक संकल्प घराण्यासाठी होता, त्याला घराण्याबाहेर वाली नव्हता, दुसरा गावाने उचलून धरला, पिढ्यानपिढ्या झाडलोट केली, चुना लावला, अजान दिली. नित्यानित्यविवेकाचा एवढा स्वच्छ धडा दगडावर क्वचितच सापडतो, आणि सहलीच्या यादीत या मशिदीला वाटेवरची पंधरा मिनिटे मिळतात.

इथे गीतेचा आधार घेऊन कुणी हरकत घेईल. विश्वरूप दाखवताना भगवान स्वतःला काळ म्हणवतात. समोरचे योद्धे आधीच मारले गेले आहेत असे सांगतात. मग काळाला कर्ता मानणे आळस कसे? पण तिथे अर्जुनाला लगेच काय सांगितले आहे तेही पाहावे. ऊठ, निमित्त हो. काळाचे नाव तिथे कर्म टाळण्यासाठी घेतलेले नाही, कर्माला उभे करण्यासाठी घेतले आहे. काळ सर्वभक्षक असूनही अर्जुनाचे धनुष्य अर्जुनालाच उचलावे लागते. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. सिद्धार्थाला एक म्हातारा, एक आजारी, एक प्रेत आणि एक संन्यासी दिसला आणि त्याने घर सोडले. म्हणजे नुसत्या दर्शनानेही वैराग्य येते. येते, यात शंका नाही. पण कथेत सारथी छन्न त्याला सांगतो की हे तुलाही चुकणार नाही. घाव तिथे बसतो. राजवाड्याच्या अवशेषात तो घाव बसायला जागाच नसते. गेले ते बादशहा, गेले ते सरदार. आपण तिकीट काढून आलेलो, चहा पिऊन जाणारे. अनित्यता दुसऱ्याच्या घरी पाहून आपण सुखरूप परततो. सिद्धार्थही नुसता उसासा टाकून थांबला नाही. पुढची सहा वर्षे तो दुःखाचे कारणच शोधत होता.

स्वतःची अनित्यता पाहायची असेल तर बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानान, दोहे लिहिणारा तोच रहीम, इथे सुभेदार असताना 1615 साली तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाकडून ही पाण्याची योजना झाली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी तापीकडे झिरपत जाते. ते जमिनीखालच्या बोगद्यात अडवून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे. मोट नाही, रहाट नाही. शंभरेक कुंड्या ओळीने, प्रत्येक कुंडी म्हणजे खालच्या बोगद्याला हवा आणि उजेड देणारी विहीर. आज एका कुंडीतून लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येते. खाली पाण्यातल्या चुन्याचे पांढरे थर भिंतींवर इतके जाड चढले आहेत की मूळ दगड कुठे संपला ते कळत नाही, आणि पायाशी पाणी वाहते आहे. इथे कुणी उसासा टाकत नाही. सगळे ‘वा’ म्हणतात. खरे तर उलट व्हायला हवे. राजवाडा मेला तर कुणाचे काही अडत नाही. हे पाणी मात्र क्षणोक्षणी कारणांवर उभे आहे: वरच्या डोंगरावर झाडे आहेत का, पाऊस मुरतो का, भोवतालच्या बोअरवेल किती खोल गेल्या, चुना आणि गाळ काढायला कुणी खाली उतरते का. यातले एक कारण सुटले की प्रवाह थांबतो. त्या दिवशी काळाला हात जोडणे म्हणजे बोअर मारणाऱ्याने स्वतःला माफ करणे ठरेल.

बाजाराविषयी फार लिहायला नको. तिथे तत्त्वज्ञान आपोआप गप्प बसते. मावा जिलबी जाड, जवळजवळ काळपट तपकिरी, खव्याच्या पिठाची. कढईतून पाकात, पाकातून कागदावर. मुंबईत रमजानमध्ये महंमद अली रोडवर याच गावाच्या नावाने ती विकली जाते. दराबा ही दुसरी मिठाई घरी न्यायला बांधून मिळते. फ्रेंच प्रवासी तवेर्निएने सतराव्या शतकात इथल्या तलम कापडाची ख्याती लिहून ठेवली, ते इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असे. आता गल्लीगल्लीत पॉवरलूमचा खडखडाट आहे. कापड बदलले, माग बदलले, विणणे थांबले नाही. कुणी म्हणेल, दोन दिवस मोकळा श्वास घ्यायला आलेल्या माणसाच्या मागे एवढा विचार कशाला लावता? जिलबी खावी, फोटो काढावेत, परतावे. मला ते पूर्ण मान्य आहे. जिलबी खाणारा प्रामाणिक असतो; त्याने कशाचाही दावा केलेला नसतो. माझी तक्रार फक्त त्या उसाशाबद्दल आहे, कारण तो दावा करतो.

आणि तो दावा मराठी माणसाने बुऱ्हाणपुरात करावा याला आणखी एक अडचण आहे. मिर्झाराजे जयसिंग 1667 साली इथेच वारला, त्याची छत्री पाहताना आपल्याला पुरंदरचा तह लगेच आठवतो. पण 1681 च्या आरंभी, संभाजीराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेच, हंबीरराव मोहित्यांची फौज याच शहरावर आली आणि बहादूरपुऱ्यासारखे श्रीमंत पुरे तिने तीन दिवस लुटले, हे सहलीत कुणाला आठवत नाही. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की त्यानंतर इथल्या प्रतिष्ठित आणि विद्वान लोकांनी औरंगजेबाला कळवले: आमची अब्रू आणि मालमत्ता गेली, बंदोबस्त होत नसेल तर आम्ही जुम्म्याची नमाज बंद करू. स्वधर्मपालनासाठी बांधल्याचे ज्या मशिदीवर कोरले आहे, तिथली नमाज थांबवण्याची भाषा गावाला करावी लागली, ती काळामुळे नव्हे. यावर हरकत ठरलेली आहे: ते युद्ध होते, बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनचे दार होते, जिझिया नुकताच बसला होता, आणि त्या काळी सगळेच असे करत होते. ही उत्तरे तपासावीत. काही टिकतील, काही टिकणार नाहीत. पण त्यातल्या प्रत्येक उत्तरात निदान कुणीतरी कर्ता आहे, आणि त्याच्याशी वाद घालता येतो.