सैल गाठ

एकट्या सशाला करमत नसेल म्हणून दुसरा आणायचा आणि त्याच संध्याकाळी दोघांना एका पिंजऱ्यात सोडायचे, ही चूक बहुतेक वेळा दयेपोटीच होते. दयेतून घडलेली इजा हिंसेत मोजायची का, हा प्रश्न नवीन जालन्यात अगदी घरगुती भाषेत विचारता येतो. स्थानकवासी जैनांचे श्री गुरू गणेश तपोधाम आणि त्यांच्या संघाची गोशाळा ज्या शहरात आहे, तिथे ‘जीवदया’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जैन आचारशास्त्रात श्रावकाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव कापणे, झेपेल त्याहून अधिक ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. गोठा असलेल्या गृहस्थाला समोर ठेवूनच ही यादी केलेली दिसते, आणि तिच्यात पहिला आहे तो बंध. मराठीत प्रेमाच्या नात्यालाही आपण बंधच म्हणतो, आणि गफलत इथेच होते. सशांची जोडी जमवताना आपण यातला कोणता बंध घालतो आहोत, हे आपल्या हेतूवरून ठरत नाही. दुबळ्या सशाला निसटायला वाट होती की नव्हती, यावरून ठरते.

पाळीव सशाचा पूर्वज युरोपातला, बिळे खोदून कळपाने राहणारा. जालन्याच्या शिवारात दिसणारा ससा वेगळा. तो बीळ खोदत नाही, एकटा राहतो, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्याला घरी आणणेच गैर आहे. मग पाळीव ससा मुळात कळपाचा प्राणी, तर दोघांना सरळ एकत्र सोडायला काय हरकत, असे कोणी म्हणेल. हरकत अशी की कळप ओळखीच्या वासाचा असतो, आणि परक्या वासाचा ससा आपल्या हद्दीत शिरला की दुसरा त्याच्यावर तुटून पडतो. चावे खोल जातात. म्हणून आधी शेजारी-शेजारी दोन पिंजरे ठेवायचे, जाळीतून वास पोचेल पण दात पोचणार नाहीत इतक्या अंतरावर. अंथरुणातले गवत अधूनमधून बदलून एकाचा वास दुसऱ्याच्या सवयीचा करायचा. मग दोघांपैकी कोणाचीच नसलेल्या जागेत, माणसाच्या देखत, थोडा-थोडा वेळ भेट घडवायची. लपायच्या खोक्याला दोन दारे हवीत, म्हणजे पाठलाग झाला तरी कोणी कोपऱ्यात अडकणार नाही. एकमेकांना चाटणे, अंगाला अंग लावून पसरणे हे दिवसेंदिवस टिकले तरच एकत्र घर. याला काही आठवडे लागतात, कधी महिने.

एक झटपट उपाय सांगितला जातो: दोघांना टोपलीत घालून गाडीतून फिरवायचे, घाबरले की आपोआप बिलगतात. ज्ञाताधर्मकथा या जैन ग्रंथातली, मेघकुमार पूर्वजन्मी हत्ती होता तेव्हाची गोष्ट इथे उपयोगी पडते. वणव्यात जीव वाचवायला सगळे प्राणी एका मोकळ्या मंडलात दाटीने उभे राहिले. हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला, त्या रिकाम्या जागेत ससा येऊन बसला, आणि हत्तीने अडीच दिवस तो पाय टेकवला नाही. त्या मंडलातली दाटी आगीने घडवली होती. तिला कोणी मैत्री म्हटलेले नाही. पुण्य गणले गेले ते हत्तीने सोडलेल्या पावलाएवढ्या जागेचे. गाडीतल्या सशांचे बिलगणे त्या दाटीच्या जातीचे आहे. भीती ओसरली की दात पुन्हा बाहेर येतात.

जोडी जमवायची तर सशांचे निर्बीजीकरणही करावे लागते, आणि अवघड आक्षेप त्यावरच येतो. अवयव कापणे हा अतिचारच असेल, तर सशांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर कसे नेता? पण या अतिचारांवरच्या जैन टीकाकारांनी सापेक्ष आणि निरपेक्ष असा भेद केलेला आहे. जीवाची काळजी ठेवून, त्याच्याच उपचारासाठी केलेला छेद वेगळा. सशाच्या मादीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा, आणि व्याल्यानंतर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग वारंवार आढळतो. शस्त्रक्रिया टाळण्याला अहिंसा म्हणायचे, तर पुढच्या पिल्लांची सोय कोण लावणार, हेही त्याच तोंडाने सांगावे लागेल. (नराच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे गर्भधारणा होऊ शकते, तेवढे दिवस जाळी काढू नये.) मुळात पाळूच नका, हा आक्षेप त्याहून प्रामाणिक आहे, आणि ज्याच्या घरी अजून ससा आलेला नाही त्याने तो जरूर मानावा. घरी असलेल्या सशाला मात्र त्या आक्षेपाने काहीच मिळत नाही. त्याला मोकळे सोडले तर गल्लीतल्या कुत्र्यांपुढे सोडल्यासारखेच होईल.

बंधाच्या बाबतीत त्याच टीकाकारांनी एक व्यावहारिक गोष्ट सांगितली आहे: जनावर बांधायचेच असेल तर गाठ सैल मारावी, आग लागली तर ते सुटले पाहिजे. दोन दारांचे खोके ही तीच गाठ. काही जोड्या कितीही सबुरी धरली तरी जमत नाहीत. मग जाळी कायम ठेवायची, झाडलोट दोनदा करायची, आणि जालन्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कूलरची हवा दोन्ही पिंजऱ्यांना पोचते ना, ते रोज बघायचे.