‘आई गं’ म्हणायला लाजू नकोस

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तू शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरतोयस, पाच आठवडे राहिलेत, हे तिने कौतुकाने सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तो अंगभर वॅक्सिंग करून घेणार म्हणतोय. फार दुखतं का रे? तू केलं होतंस ना?” तू स्वतः का नाही विचारलंस ते मला कळतं. मीही तुझ्या वयात कुणाला विचारलं नव्हतं. ते किती महागात पडलं, ते आधी ऐक.

साल १९९६. आमच्या लालबागच्या व्यायामशाळेतली पोरं स्पर्धेच्या आदल्या रात्री एकमेकांच्या पाठीवर ब्लेड फिरवायची. अंगावर केस असले की मेहनतीने काढलेले कट दिसत नाहीत, आणि स्टेजसाठी लावायचा रंगही केसांत अडकून पट्ट्यापट्ट्यांनी बसतो. ब्लेडने काम व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी खुंट टोचायचे आणि पाठीवर पुरळ उठायचं. कुणीतरी म्हणालं, वॅक्स कर, महिनाभर बघायला नको. मी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एका नव्याने उघडलेल्या सलूनमध्ये जाऊन आडवा झालो.

छातीवरचे केस बोटाच्या पेराएवढे. ते आधी कापायचे असतात, हे मला माहीत नव्हतं आणि त्या शिकाऊ पोरालाही. वॅक्स इतकं गरम की लागल्या जागी कातडी आक्रसली. त्याने कापडाची पट्टी दाबली आणि छपराच्या दिशेने, सरळ वर ओढली. अर्धे केस निघाले, अर्धे मधेच तुटले. म्हणून त्याच जागी पुन्हा वॅक्स, पुन्हा पट्टी. मग तिसऱ्यांदा. “भाऊ, दुखत नाही ना?” त्याने विचारलं. मी छताच्या पंख्याकडे बघत म्हणालो, “छे!” डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात उतरत होतं आणि मी छे म्हणत होतो. डाव्या काखेत तिसऱ्या ओढीला केसांबरोबर कातडीचा पापुद्राही आला.

दुसऱ्या दिवशी त्यावर रंग लागला तेव्हा जी आग झाली, ती आजही आठवते. स्टेजवर डबल बायसेप्सची पोझ आली. उजवा हात वर गेला, डावा खांद्याच्या वर जाईना. पंचांना वाटलं खांदा दुखावलाय. पहिल्या सहांत नाव नव्हतं.

घरी आलो. तुझ्या मामीने तेव्हा पार्लरचा कोर्स नुकताच पुरा केला होता. आधी ती पोट धरून हसली. मग काख बघितली आणि हसायची थांबली. म्हणाली, “दुखतंय हे सांगायची लाज वाटली, म्हणून कातडी गेली. आमच्याकडे बाई पहिल्याच पट्टीला सांगते, गरम आहे, थांब.” त्यानंतर जे काही शिकलो, ते तिच्याकडूनच.

तर दुखतं का? दुखतं. खोटं कशाला सांगू? पण पट्टी ओढल्यावर दोनतीन सेकंद चटका बसतो आणि मग नुसती ऊब राहते. पाठ आणि खांदे पुष्कळ सोसतात. छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांभोवती, बेंबीच्या खाली आणि काखेत मात्र प्राण कंठाशी येतो. पुरुषाच्या छातीवरचा केस जाड असतो, मूळ खोल असतं, आणि प्रत्येक मुळाभोवती नसांचं जाळं गुंडाळलेलं असतं. हातावरून मुंगी चालली तर नुसता केस हलल्यानेही हे जाळं तुला कळवतं; इथे अशी शेकडो जाळी एकदम ओरडतात. पहिली खेप सगळ्यात वाईट. पुढे सगळे केस एका वेळी उगवत नाहीत, त्यामुळे पट्टीत कमी येतात आणि बहुतेकांना दुसऱ्यातिसऱ्या वेळी बरंच सोपं जातं. म्हणूनच पहिली खेप स्पर्धेच्या तोंडावर घ्यायची नाही. आत्ता एकदा करून घे, मग स्पर्धेच्या तीन दिवस आधी दुसऱ्यांदा. तोवर केस पुन्हा धरण्याइतके आलेले असतील आणि लाली उतरायलाही वेळ मिळेल.

केसांची लांबी तांदळाच्या दाण्याएवढी हवी, म्हणजे पाचसहा मिलिमीटर. त्याहून आखूड केस वॅक्स धरत नाही, लांब असले तर ओढ जास्त बसते. लांब केसांवर ट्रिमर फिरव. आतापासून ब्लेड लावू नकोस. आदल्या दिवशी अंग हलकेच घास. त्या दिवशी कोमट पाण्याने आंघोळ करून कोरडा हो आणि तेल, क्रीम काही लावू नकोस. घाम येत असेल तर पावडर.

पूर्वी मामी वॅक्स घरीच करायची. साखर, पाणी आणि लिंबाचा रस पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहायची. आधी पाक, मग मधाचा रंग, मग काकवीकडे झुकू लागलं की गॅस बंद. थंड होत आलं की सुरीच्या टोकाने एक थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायची. तिथे सोसलं तरच गिऱ्हाइकाला. आता ती डब्यातलंच वॅक्स हीटरवर गरम करते, पण मनगटाची चाचणी सुटलेली नाही. तू कुठेही गेलास तरी तुझ्या मनगटावर आधी लावायला सांग. वॅक्स केसाच्या दिशेने लावायचं, पट्टी उलट दिशेने, कातडीला जवळजवळ समांतर ओढायची, आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. काखेत आणि जांघेत कापडाची पट्टी नको. तिथे हार्ड वॅक्स लागतं. ते स्वतःच घट्ट होऊन केसाला धरतं, कातडीला कमी चिकटतं. एका जागी दोनदा झालं की उरलेले चारदोन केस चिमट्याने. तिसरी पट्टी कुणी घेऊ लागला तर उठून बस.

पट्टी ओढली की लगेच त्या जागी तळहात घट्ट दाबायचा, ही मामीची खास युक्ती. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेच्या फाटकाचा सिद्धांत मांडला. स्पर्शाचा निरोप आत शिरला की वेदनेला मेंदूकडे जायची वाट अरुंद होते. मामीने त्यांचं नावही ऐकलेलं नाही, पण तिचा हात पट्टीच्या मागोमाग पोचतो. ओढताना श्वास सोड, कोंडू नकोस. आणि तोंडातून आवाज येऊ दे. इंग्लंडच्या कील विद्यापीठाच्या २००९ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात घालायला लावले होते. शिव्या देताना पोरं जास्त वेळ टिकली. मामीच्या पार्लरमध्ये शिव्या चालत नाहीत, पण ‘आई गं’वर बंदी नाही.

आता गोळीचं. जिममध्ये कुणीतरी सांगेल, तासभर आधी आयब्युप्रोफेन घे. एरवी धडधाकट माणसाला चालून जाते. पण स्पर्धेच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही पोरं पाणी कमी करता, आणि सुकलेल्या अंगात ही गोळी थेट मूत्रपिंडाला जाऊन भिडते. त्या आठवड्यात तिला हात लावू नकोस. पाणी तोडायच्या नादालाही माझा विरोध आहे, पण ते भांडण समोरासमोर करू. ॲस्पिरिन नको, रक्त येतं. आदल्या रात्री दारूही नको. बधिर करणारी क्रीम कुणी सुचवली, तर तळहाताएवढ्या जागेवरही डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, आणि अख्ख्या छातीपाठीवर तर नाहीच. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला होता. लेझरने केस काढायच्या आधी दोन तरुणींनी पायांना असली क्रीम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. औषध रक्तात उतरलं आणि दोघी दगावल्या.

एक खासगी प्रश्न, ताईला दाखवू नकोस. जिममध्ये घाम आणि घट्ट कपड्यांनी जांघेत गजकर्ण होतं, आणि पोरं मेडिकलवाल्यालाच विचारून एखादी ट्यूब आणतात. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं आणि त्याने कातडी कागदासारखी पातळ होते. तसलं काही लावत असशील तर तिथे वॅक्स नको. मुरमांवरची व्हिटॅमिन ‘ए’च्या जातीची क्रीम चालू असेल तरी नको, आणि तशाच गोळ्या चालू असतील तर बंद केल्यावरही सहा महिने डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय नको. पाठीवर पिकलेल्या पुटकुळ्या, तीळ, चामखीळ यांच्यावरून पट्टी जाता कामा नये. आणि पाठीवर एकाएकी पुटकुळ्या उठल्या असतील, त्याही कुणी दिलेल्या इंजेक्शनांनंतर, तर वॅक्सचं राहू दे, आधी मला फोन कर. रागावणार नाही.

झाल्यावर गार पाण्याचा कपडा ठेव, वर कोरफडीचा गर. दिवसभर जिम नाही, कढत पाणी नाही, ऊन नाही, डिओ नाही, पोहणं नाही. मोकळ्या भोकांत घाम आणि जंतू गेले की पिवळ्या तोंडाचे फोड येतात. लाल ठिपके दोन दिवसांत बसतात. त्यानंतर पसरत गेले, ठणकले किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. तीन दिवसांनी अंग हलकेच घासायला लाग, म्हणजे केस कातडीखाली वळून अडकणार नाहीत. एकच लाकडी पट्टी पुन्हापुन्हा वॅक्सच्या डब्यात बुडवणाऱ्या सलूनमध्ये शर्टसुद्धा काढू नकोस.

हे सगळं वाचून नकोसं वाटलं, तर ट्रिमर आहे आणि आदल्या रात्रीचं ब्लेडही आहे. त्याने पंच गुण कापत नाहीत.

करायचंच असेल तर रविवारी डोंबिवलीला ये. मामीचं पार्लर फक्त बायकांसाठी आहे, पाटीवर तसं लिहिलंय, पण रविवारी दुपारी बंद असतं. ती म्हणाली, “भाचा आहे, पाठ आणि छाती मी करीन. बाकीचं तुम्ही बघा, मी दाराबाहेरून सांगेन.” हात माझा, सूचना तिच्या, असं चालेल. पस्तिशीपर्यंत माझी पाठ तिनेच केली आहे, मी तिच्याकडे बघून थोडंफार शिकलोय. येताना सैल, जुना सुती शर्ट आण. पोटात काहीतरी असू दे, उपाशी पोटी चक्कर येते. मामी साबुदाण्याची खिचडी करणार आहे. डाएटचं कारण तिला तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही.

तुझा,
मामा