घरची चूल आणि सडकेवरचा धाबा

वारकरी मायबापहो, आपल्या संप्रदायात आहाराचा विचार काही नवा नाही. गळ्यात माळ पडली की मद्य-मांस सुटते, एकादशीला अन्न सुटते. परंतु काय खाऊ नये हे आम्ही जितक्या कसोशीने पाळतो, तितक्या कसोशीने कोठे आणि किती वेळा खावे याचा विचार करतो काय? ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी दिसली की माळकऱ्याचे मन निर्धास्त होते. त्या पाटीने नेम राहील. प्रकृती राहीलच असे नाही. आजचे निरूपण एवढ्याचसाठी आहे.

आपला खानदेश म्हणजे सडकेचा मुलूख. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरतेहून नागपुराकडे जाणारा महामार्ग धुळ्यालाच एकमेकांस भेटतात. जळगाव, भुसावळ त्या दुसऱ्या वाटेवर. वाटसरूला अन्न मिळावे म्हणून सडकेला धाबे लागले, हे पुण्याचेच काम झाले. पण आता वाटसरूपेक्षा गावचीच मंडळी तेथे अधिक दिसतात. ज्यांना तेथवर जायचा कंटाळा, त्यांच्या दारी मोबाईलवर सांगितले की जेवण हजर!

आता शेवभाजीचे ताट घ्या. शेवभाजी आपल्याच मातीची, तिच्याशी आमचे वैर नाही. पण हिशेब करा. शेव आधीच तेलात तळलेली, तिच्यात मीठ आलेच. ती पडते मसाल्याच्या रश्श्यात, त्यातही मीठ; आणि वर बोटभर तर्री. सोबत पापड, लोणचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे एक लहान चमचा. तो चमचा अशा एकाच पानावर संपायला कितीसा वेळ लागतो? घरी मिठाचा डबा आपल्या हाती असतो. तेथे तो दुसऱ्याच्या हाती. तेलाचेही तसेच. तेच तेल पुनःपुन्हा तापले की बिघडते. म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ सालापासून तळणीच्या तेलातील बिघडलेल्या घटकांना शेकडा २५ ची मर्यादा घातली आहे. पण कढई कितवेळा चढली, हे पानावर बसलेल्याला कसे दिसणार?

कोणी म्हणेल, “महाराज, एक दिवस खाल्ल्याने काय होते?” एक दिवसाने काहीच होत नाही, तोच तर घोटाळा आहे! रोग एका जेवणाने येत नाही, सवयीने येतो. अमेरिकेत पस्तीस हजारांवर प्रौढ माणसांच्या खाण्याची माहिती घेऊन पुढे कित्येक वर्षे त्यांचे काय झाले ते पाहिले. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकदाही बाहेरचे न खाणाऱ्यांच्या मानाने, रोज दोन किंवा अधिक जेवणे बाहेरची करणाऱ्यांत मृत्यूचा धोका शेकडा ४९ नी जास्त आढळला. तो देश निराळा, तेथले अन्न निराळे. शिवाय बाहेरच्या जेवणानेच मृत्यू आला असे त्यातून सिद्ध होत नाही. पण इशारा म्हणून तो पुरेसा आहे. आणि आपल्याकडे तरी काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे दहा कोटींवर लोक निघाले, आणि दर शंभर प्रौढांत पस्तिसांहून अधिकांना रक्तदाब. पूर्वी ज्याला श्रीमंतांचा रोग म्हणत, तो आता खेड्यातही घरोघर बसला आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. सतराव्यात सांगतात की अति तिखट, अति खारट, जळजळ करणारे अन्न राजस माणसाला आवडते, आणि त्यातून दुःख व रोग निपजतात. देवाने जिभेला शिव्या दिल्या नाहीत. तिला माप दिले.

“मग घरीच करून खा,” एवढे सांगून कीर्तनकार सुटतो, आणि सारा भार घरच्या माउलीच्या डोक्यावर पडतो. येथे मुक्ताई आठवा. तिला मांडे करायचे होते. विसोबांनी कुंभारांना दटावून खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानोबारायांनी आपली पाठ तापवून दिली आणि तिने पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आपण ऐकत आलो. खापरावरचे मांडे आजही खानदेशाचे भूषण, आणि मुक्ताईचे स्थानही येथेच, तापीकाठी. आम्ही या कथेतला चमत्कार सांगतो, पण भावाने बहिणीच्या स्वयंपाकाला पाठ दिली हे सांगायचे विसरतो. शेतातून, नोकरीवरून तीही थकून आलेली असते. तुम्ही भाजी चिरा, वांगी भाजा, भांडी घासा. मग कळण्याची भाकरी आणि भरीत धाब्याहून गोड लागते की नाही पाहा!

ज्याला घर लांब आहे, तो ट्रकवाला, हमाल, खोली घेऊन शिकणारा पोर, त्याला आम्ही दोष देत नाही. त्याने तर्री नको म्हणावे, वरण-भाकरी मागावी, वरून मीठ घेऊ नये. एवढेही पुष्कळ.

बाकीच्यांनी एक नेम धरावा. एकादशी पंधरा दिवसांतून एकदा येते. हॉटेलचे जेवणही त्याहून दाट येऊ नये. मात्र दोन्हींची गाठ घालू नका! एकादशी अन् दुप्पट खाशी, तीही हॉटेलच्या साबुदाणावड्याची, हा उपवास नव्हे.

मुक्ताईची पालखी बुलढाणा, जालना, बीड करीत सुमारे महिनाभर चालते. ती वाट पायांनी चालायची आहे, आणि पाय पोटावर चालतात. वाटेत पंगत मिळते तेथे प्रसाद घ्यावा. नाही तेथे शिदोरी सोडावी. गोपाळांनी काला केला तोही घरोघरच्या शिदोऱ्यांचा. साठीनंतरही ज्याला पंढरीची वाट चालायची आहे, त्याने ती शिदोरी आजच बांधावी.

राम कृष्ण हरि.