दैव पाचवं

६ नोव्हेंबर १९७७. मध्यरात्र उलटून दीडच्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टोकोआ फॉल्स इथलं केली बार्न्स धरण फुटलं आणि ३९ माणसं गेली. धरण मातीचं, खासगी मालकीचं, आणि मालक होतं खालच्या दरीत वसलेलं बायबल कॉलेज. धर्म शिकवणारी आणि शिकणारी माणसं आपल्याच तळ्याखाली झोपली होती. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत धरणफुटीचे बरेच अहवाल मी वाचले, पण हा मनातून जात नाही. एवढ्या श्रद्धावंतांना देवानं का वाचवलं नाही, असं लोक विचारतात. मला त्याच्या आधीचा प्रश्न छळतो: जे आपण बघायचं, ते देवावर सोपवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

ते धरण एका दमात बांधलेलं नव्हतं. जुन्या छोट्या बांधावर माती चढवत ते वाढवलं, वीज करण्यासाठी. १९५७ साली वीज बंद झाली, तळं तसंच राहिलं. चौकशी मंडळाला फुटण्याचं एकच एक कारण सापडलं नाही. खालचा उतार फार खडा होता, त्यावर झाडी माजलेली होती, वरून जोराचा पाऊस झाला होता. पण १९७३ सालचं एक छायाचित्र आहे, त्यात त्या उताराचा तुकडा घसरलेला दिसतो. दुर्घटनेच्या चार वर्षं आधी! देवानं आणखी कोणत्या भाषेत सांगायचं?

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवं दैव. टीकाकार अधिष्ठान म्हणजे देह घेतात. मी मात्र हा श्लोक धरणाला लावून बघते. पाया कसला आहे, मालक कोण, माती आणि सांडवा कसा, देखभाल काय झाली. हे चार हिशेब पुरे झाल्यावर उरतं ते दैव. गीता दैव नाकारत नाही, आणि मीही नाकारत नाही; सांडव्याच्या क्षमतेपलीकडचा पाऊस एखाद्या वर्षी पडतोच. पण पाचवं कारण पहिलं म्हणून पुढे करणं ही मला श्रद्धा वाटत नाही. आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांकडे बोट दाखवलं गेलं. खेकडे बीळ करतातच. म्हणून तर उतार पायी फिरून बघायचा असतो.

धरणाच्या तपासणीत दोन गोष्टी वेगळ्या धरतात. धरणाची प्रकृती कशी आहे ही एक, आणि ते फुटलंच तर खाली कोणाचं काय जाईल ही दुसरी. पहिली चांगली असूनही दुसरी भयंकर असू शकते. शिवाय धरणाला कुणी हात न लावता दुसरी वाढत जाते, कारण खाली ओढ्याकाठी कुणीतरी नवं घर बांधतं. मालकानं काहीच केलेलं नसतं, तरी त्याचं कर्तव्य वाढलेलं असतं. न केलेल्या कर्माचं हे ओझं मला फार खरं वाटतं.

माझ्या भाच्यानं मावळात जमीन घेतली, तिच्यावर जुना मातीचा बंधारा आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. हा बंधारा त्याहून बुटका, त्यामुळे सरकारी तपासणी नाही. खाली मात्र वाडी आहे. खालच्या उतारावर पिंपळ वाढलेला, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेले दगड. पायथ्याला ओल होती. झिरपणारं पाणी मी ओंजळीत घेऊन बघितलं. नितळ होतं. गढूळ असतं तर आतली माती वाहतेय असं समजून त्याच दिवशी वाडी हलवायला लावली असती.

"मावशी, पिंपळ तोडला तर पाप लागेल गं," भाचा म्हणाला. मी ती भीती झटकून टाकली नाही. मीही पिंपळाला पाणी घालत आले आहे. पण मुळं बांधात शिरतात, मेली की कुजतात आणि पाण्याला वाट करून देतात. म्हणून नुसता बुंधा कापूनही भागत नाही. आधी तळ्याची पातळी उतरवायची, मुळांसकट खोदायचं, मग योग्य माती थराथरानं भरून, पाणी मारून, दाबायची. देवाची क्षमा मागून दगड वाडीतल्या पारावर न्यावेत, तिथेच नवा पिंपळ लावावा, असं मी सुचवलं. झाड तोडण्याचं पाप मी माझ्या माथी घेते म्हणाले. वाडी वाहून जाण्याचं पाप मला पेलणार नाही.

अहवाल लिहिला आणि त्याची एक प्रत सरपंचांना दिली. भाचा रागावला. जमीन माझी, तळं माझं, घरातलं वाडीत कशाला नेलंस, म्हणाला. तळं त्याचंच आहे. पण फुटलं तर ते पाणी ज्यांच्या दारात जाणार, त्यांना आधी कळायला हवं. ते कळू न देण्याचा हक्क कुठल्याही सातबाऱ्यानं कुणाला दिलेला नाही. तळं उतरवायला त्यानं अजून सुरुवात केलेली नाही. पाऊस यायच्या आत मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी सरपंचांना सोबत घेऊन.